रताळ्याचा वेल गुडघाभर आणि खाली बोटाएवढी मुळं, नेमकं चुकतंय कुठं?

काळंरान
नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात सीनाकाठी आमचं साडेतीन एकर रान हाय, सगळं काळं. ऊस थोडा कमी करायचा म्हणून यंदा फाल्गुनात २० गुंठे रताळं लावलं, आषाढीचा बाजार धरून. वेल असा आला की बांधावरनं जाणारा माणूस गाडी थांबवून बघायचा. आई म्हणायची, नजर लागंल रे. काढायला बसलो, पहिल्या सरीत कुदळ घातली आणि पोटात गोळाच आला. एका वेलाखाली चार-पाच मुळं, बोटाएवढी जाड, वीतभर लांब, मोडायला गेलं तर आत दोरे. २० गुंठ्यात मिळून १४ कट्टे, त्यात निम्मी बारीक. काढणीची मजुरी आणि गाडीभाडं वजा जाता पट्टीत काय उरलं ते लिहवत नाही.

केलं काय ते सांगतो. नांगरट करून रोटर दोनदा मारला, सरी उसाचीच ४ फुटी, शेणखत २ ट्रॉली, युरिया ३ पोती तीन हप्त्यात, ठिबक रोज एक तास. मधी पाला जास्त वाटला म्हणून दुकानात विचारलं तर फुगवणीचं टॉनिक दिलं, ते पण मारलं. आता परत लावायचंय, शिवरात्रीला धरून. काळ्या रानात हे पीक येतच नाही का माझं काय चुकलं, मोकळेपणानं सांगा. राग मानणार नाही.

मालदांडी
२० गुंठ्याला ३ पोती युरिया? दादा, हा तर उसाचा डोस झाला.

भीमाकाठ
आमचं करमाळा तालुका, उजनीच्या फुगवट्याच्या कडंला. वडलांपासून रताळं करतोय. काळंरान भाऊ, तुमचा वेल बघून लोक थांबत होते तिथंच खरं दुखणं होतं. रताळ्याचा वेल बांधावरनं जरा गरीबच दिसावा लागतो. पाला काळपट हिरवा आणि लुसलुशीत झाला की समजायचं सगळा माल वर गेला.

दुसरं, तुम्ही फुगवणीच्या टायमाला औषध मारलं, पण रताळं किती लागणार ते लावल्यापासनं पहिल्या महिना-सव्वा महिन्यात ठरून जातं. वेलाच्या मातीत गेलेल्या पेऱ्याला जी मुळं फुटतात, त्यातलीच काही पुढं पोसून रताळी होतात. त्या दिवसात माती दाबलेली असली, पाणी साचलं किंवा एकदम ताण पडला, तर तीच मुळं लाकडासारखी होतात आणि तशीच राहतात. तुम्ही म्हणता ना आत दोरे, ते हेच. एकदा मूळ लाकडी झालं की वरनं काहीही मारा, ते परत फुगत नाही.

तिसरं, ४ फुटी सरी. आम्ही २ फुटावर वरंबा घेतो आणि वेल एक वीत अंतरानं लावतो, म्हणजे २० गुंठ्याला १४-१५ हजार तुकडे बसतात. तुमच्या सरीत निम्मेच बसले असणार. उत्पन्न तिथंच अर्धं झालं.

वेलाचं बेणं कुठलं घेतलं होतं? शेंड्याचं का बुडख्याचं?

काळंरान
पाव्हण्याच्या जुन्या प्लॉटमधनं सगळा वेल कापून आणला होता, शेंडा बुडखा सगळं एकत्र. वेगळं काढायचं असतंय हे माहीतच नव्हतं.

भीमाकाठ
शेंड्याकडचा वीतभर ते सव्वा वीत तुकडा घ्या, ३-४ पेरं पाहिजेत, त्यातली २-३ मातीत जाऊ द्या. बुडख्याचा तुकडा उशिरा फुटतो, आणि सोंडकिडा, म्हणजे रताळं पोखरणारा किडा, असला तर तो जुन्या जाड वेलातनंच नव्या रानात येतो. कापल्यावर एक-दोन दिवस सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा, पेऱ्याला बारीक मुळ्या दिसायला लागल्या की लावा. मर कमी होते.

मृदगंध
मी माती तपासणीच्या कामात आहे. मालदांडी यांनी एका ओळीत सांगितलं ते आकड्यात मांडतो. युरियाचं पोतं ४५ किलोचं, ३ पोती म्हणजे १३५ किलो. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण ६२ किलो नत्र गेलं. रताळ्याला हेक्टरी ७५ किलो नत्र धरलं तरी २० गुंठ्याला १५ किलो होतं. चौपट झालं. शिवाय शेणखतातलं वेगळं. एवढं नत्र मिळाल्यावर वेलानं कंद का पोसावा? नत्र दोनच वेळा, निम्मं लागणीला आणि निम्मं महिन्याच्या आत भर लावताना, म्हणजे वरंब्याला माती चढवताना. त्यानंतर युरियाचं पोतं घरातनं बाहेर काढू नका.

शेणखत पूर्ण कुजलेलं होतं का?

शेंगाचटणी
नत्र कमी आणि पोटॅश जास्त, कंदवर्गाचं सूत्रच आहे ते. एकरी २ पोती पोटॅश टाका, रताळं फुगलंच पाहिजे.

मृदगंध
शेंगाचटणी, इथं माझं मत वेगळं आहे. कंदाला पालाश, म्हणजे पोटॅशमधलं अन्नद्रव्य, लागतं हे बरोबर, पानात तयार झालेली साखर खाली कंदापर्यंत न्यायला ते लागतंच. पण आपल्या सोलापूरच्या काळ्या जमिनीत पालाश बहुतेक ठिकाणी मुळातच भरपूर असतं. बरड मुरमाड रानात गोष्ट वेगळी. म्हणून डोळे झाकून २ पोती टाकण्याआधी मातीचं सॅम्पल द्या. रिपोर्टमध्ये पालाश कमी आलं तर एकरी एक पोतं, म्हणजे ५० किलोत ३० किलो पालाश जातं, तेवढं पुरतं. काळ्या रानात रताळ्याला कमी पडते ती हवा. पोतं ओतून हवा जात नाही.

शेंगाचटणी
आमचं रान बरड आहे, सांगोल्याकडं. मला पोटॅशचा फरक डोळ्याला दिसला म्हणून लिहिलं. पण रान बघून ठरवावं हे पटलं.

आण्णांचा_मळा
मी स्पष्टच सांगतो, काळ्या भारी रानात कंदमुळं करूच नयेत. आमच्या आजोबांनी ज्वारी, हरभरा आणि करडई सोडून त्या रानात दुसरं काही घातलं नाही. रताळं, भुईमूग, गाजर हे हलक्या रानाचं काम. जे रान उन्हाळ्यात हात जाईल एवढं भेगाळतं आणि पावसात पायाला किलोभर चिकटतं, त्यात कंद सरळ पोसणार कसा? आणि पोसलाच तर काढताना निम्मा तुटतो.

भीमाकाठ
आण्णा, तुमचं म्हणणं सपाट रानाला शंभर टक्के लागू. पण वरंबा उंच केला की वेल त्या वरंब्यात असतो, रानात नसतो. खाली काळी असली तरी वरच्या फूटभर मातीत चाळलेलं शेणखत मिसळून ती भुसभुशीत ठेवता येते. आमचं बी सगळं बरड नाही.

परडं
भारी रानावरनं आमच्या गावातली गोष्ट सांगते. आमच्या चुलत सासऱ्यांचं तलावाखालचं १५ गुंठे मुरमाड रान होतं, वर्षानुवर्षं तिथं रताळी यायची, गुलाबी सालीची, उकडल्यावर पिठूळ. चार वर्षांमागं तलावातला गाळ फुकट मिळतोय म्हणून त्यांनी ट्रॅक्टर लावून भरपूर गाळ टाकला, वीतभर थर केला. रान काळंभोर झालं, सगळे म्हणाले सोनं झालं. ज्वारी खरंच छान आली. पण रताळं लावलं ते तुमच्यासारखंच निघालं, बारीक आणि वाकडं. मामंजी रानात बसून एक एक रताळं हातात घेऊन बघत होते, मला अजून आठवतं. गाळ वाईट नाही, पण त्यात चिकणमाती जास्त असते, तो पातळ पसरून मुरमात नीट मिसळायला पाहिजे होता. आणि कंदाचं रान तेवढं वगळायला पाहिजे होतं.

मृदगंध
ताई, फार मोलाचं लिहिलंत. हलक्या रानाला गाळ दिला की पाणी धरून ठेवायची ताकद येते, ज्वारी त्यावर उभी राहते. कंदाला मात्र माती बाजूला सारून जागा करायची असते.

जुळेसोलापूरकर
मी शेतकरी नाही, गच्चीवर बाग करते, त्यामुळे विषय थोडा बदलतोय, माफ करा. माझ्या गाजरांना दरवर्षी दोन-तीन पाय फुटतात. गेल्या वर्षी एक तर अगदी मांडी घालून बसलेल्या माणसासारखं निघालं, नातीनं त्याला डोळे काढले आणि दोन दिवस कुणाला खाऊ दिलं नाही. दिसायला गंमत आहे पण सरळ गाजर यायला काय करू? माती विकतची, त्यात घरचं खत घालते.

परडं
नातीला अजून एक तसलं मिळू दे, पण बाकीची सरळ यायला हवीत तर घरचं खत अर्धवट कुजलेलं घालू नका. कच्चं खत, खडा किंवा ढेकूळ आडवं आलं की मुळाचं टोक दुखावतं आणि तिथनं फाटे फुटतात. पिशवी फूटभर खोल घ्या आणि वरची सगळी माती चाळून भरा. गाजर कधीही रोप करून दुसरीकडं लावायचं नाही, उपटताना टोक तुटतं आणि पुढं पाय फुटलेच. जागेवरच पेरा. बी हाताच्या तळव्यावर चोळून घ्या म्हणजे त्यावरची लव जाते. उगवायला आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे लागतात, तोवर वरचा थर वाळू द्यायचा नाही. मी ओलं गोणपाट टाकते आणि पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी संध्याकाळी काढते. एक दिवस उशीर झाला तरी कोंब गोणपाटात अडकून येतात.

आणि विरळणी करा हो. सगळ्यांचा जीव तुटतो ते उपटताना. चार बोटांवर एक ठेवा, बाकीची कोवळी कोशिंबिरीत घाला.

जुळेसोलापूरकर
विरळणी मी करतच नव्हते! जीव तुटतो अगदी खरं. पेरायचं कधी?

परडं
दसरा-दिवाळीच्या मधे. गाजराला थंडीत रंग चढतो. आपल्याकडं मार्चनंतर ऊन तापलं की गाजर फिकट आणि दांडरट होतं. खांदे मातीच्या वर आले तर हिरवे पडतात, म्हणून मधनंमधनं भर घालत राहा.

मालदांडी
आमचे वडील गाजराच्या ओळीत थोडं मुळ्याचं बी मिसळायचे. मुळा चार दिवसात उगवतो, ओळ कुठाय ते कळतं, भांगलण करता येते. आणि गाजर मोठं व्हायच्या आत मुळा काढून भाकरीबरोबर खाल्ला जातो.

हुरडापार्टी
कांद्याचं पण कुणीतरी लिहा, सोलापूरच्या धाग्यावर कांदा नाही म्हणजे कसं.

आण्णांचा_मळा
कांदा हे मूळ नव्हे. पानांचं बूड फुगतं त्याचा कांदा होतो, खाली ज्या दाढीसारख्या मुळ्या लोंबतात ती त्याची मुळं. त्यामुळं कांद्याचा नियम रताळ्याला लावू नका. पण गादीवाफा आणि वेळेत पाणी तोडणं हे दोन्हीला लागू आहे. कांद्याच्या भावाबद्दल मात्र इथं सुरू करू नका, धागा हाताबाहेर जाईल.

हुरडापार्टी
बरं, मग बीटाचं विचारतो. कापलं की आत काळे डाग निघतात, गिऱ्हाईक परत करतं. रोग आहे का?

मृदगंध
बहुतेक बोरॉनची कमतरता. आपल्या जमिनीत चुनखडी जास्त, सामू (पीएच) ८ च्या वर, त्यात बोरॉन असून पिकाला मिळत नाही. ताण पडला की आणखी वाढतं. माती तपासून बोरॅक्स द्या, पण मोजून, बोरॉन कमी लागतं आणि जास्त झालं तर तेच विष होतं. आणि बीटाचं एक बी म्हणजे बियांचा झुबका असतो, एका जागी दोन-तीन रोपं येतात, त्यातलं एकच ठेवा.

भीमाकाठ
मूळ प्रश्नावर येऊया, भाऊ वाट बघत असतील. पाण्याचं राहिलं. काळ्या रानात रोज एक तास ठिबक म्हणजे रानाला वाफसाच आला नाही. मुठीत माती दाबून बघा, लाडू झाला आणि बोटानं टिचकी मारल्यावर फुटला तर वाफसा. चिखलासारखा चिकटला तर दोन दिवस मोटार बंद ठेवा. आणि उलट पण करू नका. भारी रान वाळून भेगाळलं की सोंडकिडा त्या भेगेतनंच खाली रताळ्यापर्यंत उतरतो. मग रताळ्याला भोकं पडतात, कडू होतं, तसलं जनावराला सुद्धा घालू नये. म्हणून दीड महिन्याच्या आत भर लावून भेगा बुजवा. ह्या किड्याचे नर वासानं ओढून धरणारे कामगंध सापळे मिळतात तेही लावा, आणि मागच्या पिकाची रानात राहिलेली रताळी वेचून बाहेर काढा, त्याच रानात लगेच परत रताळं नको.

वेल महिन्यानं उचलून पलटायचे. सरीत पसरलेला वेल पेऱ्यापेऱ्याला मुळं सोडतो, तिथं चिल्लर रताळी लागतात आणि मुख्य बुडाचं अन्न वाटलं जातं. उचलताना तोडायचं नाही, नुसतं सोडवून वरंब्यावर टाकायचं. हे काम बायका फार हळुवार करतात, गड्यांना सांगितलं की ओढून काढतात.

मालदांडी
आणि लागण भादव्यात नको. आपल्याकडं सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरातच पडतो, आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं काय केलं ते तुम्ही तुमच्या बांधावरनंच बघितलं असंल. घट बसल्यावर, वाफसा बघून लावा. ११० ते १२० दिवस धरले तरी शिवरात्रीला माल मिळतो.

काळंरान
सगळं वहीत उतरवून घेतलं. त्याच २० गुंठ्यात परत नको म्हणताय ते पटलं, वरच्या अंगाला हरभऱ्याचे २० गुंठे आहेत तिथं करतो. नांगरट, पण रोटर एकदाच. वरंबा २ फुटावर, फूटभर उंच. शेणखत मागच्या वर्षीच्या उकिरड्यातलं चाळून. शेंडा बेणं भीमाकाठ दादांकडनं घेऊन येतो, जमंल का? आणि रोजचं एक तास ठिबक बंद, मुठीतली माती बघून पाणी. सॅम्पल उद्याच देतो.

आण्णांचा_मळा
करून बघा. माझं मत बदललेलं नाही, पण काढणी झाल्यावर खरं काय ते लिहा. वाईट आलं तरी लिहा.

(साडेचार महिन्यांनी)

काळंरान
मंडळी, काढणी झाली. आण्णांना शब्द दिला होता म्हणून सगळं लिहितो, चांगलं वाईट दोन्ही.

मातीचा रिपोर्ट आला, पालाश भरपूर निघालं, म्हणून पोटॅश टाकलंच नाही. युरिया सगळा मिळून ३२ किलो, दोन वेळा. वेल यंदा इतका साधा होता की आई म्हणाली, ह्या वर्षी काय हाती लागंल असं वाटत नाही. मला पण धाकधूक होती. दोन महिन्यानं राहवलं नाही म्हणून एका वरंब्याची माती हातानं बाजूला केली, तर मुठीएवढी तीन रताळी एकमेकांना टेकून बसलेली. तशीच झाकून टाकली आणि घरी येऊन आईला सांगितलं.

२० गुंठ्यात ५३ कट्टे. पण सगळ्या रानात सारखं नाही. काढताना मी तीन जागी दहा-दहा वेल मोजून वजन केलं. वरच्या अंगाला जिथं वरंबा नीट झाला तिथं दहा वेलाला २ किलो ८०० ग्रॅम. मधल्या भागात १ किलो ९००. आणि खालच्या टोकाला जिथं चारीचं पाणी पाझरतं आणि वरंबा बसून सपाट झाला होता तिथं ७०० ग्रॅम, तीच जुनी बोटाएवढी, दोरेवाली. एकच बेणं, एकच खत, एकच दिवशी लागण. तेवढ्या कोपऱ्यात आण्णांचं म्हणणं खरं निघालं.

सोंडकिडा थोडा लागला, पण भर लावायला जिथं मला उशीर झाला त्या चार वरंब्यातच. काढायच्या आधी १२ दिवस पाणी तोडलं होतं, तरी काढताना काळी माती चिकटलीच. धुवून पाठवू का असंच, म्हणून अडलो होतो.

परडं
२ किलो ८००! वाचून डोळ्यात पाणी आलं हो. जो माल ठेवायचाय तो धुवू नका, सावलीत चार-सहा दिवस गोणपाटाखाली ऊबदार ठेवा, साल घट्ट होते आणि खरचटलेलं भरून येतं. गोडी पण वाढते. धुणं फक्त त्याच दिवशी बाजारात जाणाऱ्या मालाचं.

आण्णांचा_मळा
तीन जागी वजन केलंत हे फार चांगलं केलं. खालचा कोपरा ज्वारीला सोडा. वरच्या अंगाचं मान्य करतो, उंच वरंबा केला तर काळ्या रानात रताळं येतं. आमच्या नातवाला ५ गुंठ्यात करायचंय, शेंडा बेणं मिळंल का तुमच्याकडं?

काळंरान
आण्णा, फुकट घेऊन जा. वरच्या अंगाचे चार वरंबे बेण्यासाठीच राखून ठेवलेत, किडा नसलेले. शिवरात्र झाली की सकाळच्या पारी या, ऊन चढायच्या आत कापून देतो. येताना ओली पोती घेऊन या, आमच्याकडची सगळी रताळ्यात गेली.